बावीस छर्रे आणि एक काच

मी एक जुनी पाटी आहे. मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या दाराशेजारी भिंतीला बसवलेली. मित्रांनो, पाटी म्हटलं की तुम्ही मान वर करून बघता. माझ्याकडे नाही बघितलंत तरी चालेल. मी हात लावायची पाटी आहे.

माझ्यावर दोनच शब्द आहेत, ‘जिना खाली’. वर उठावाची अक्षरं आणि त्यांच्या खाली तेच शब्द ब्रेलमध्ये. ब्रेल म्हणजे टिंबांची लिपी, ज्यांना दिसत नाही ते ती बोटाने वाचतात. माझी टिंबं बावीस. या मोजायला, एक जरी कमी भरलं तरी काय वाटेल ते बोला. इतकी वर्षं झाली, किल्ल्यांनी खरडलं, खिळ्यांनी उचकटलं, पण एक टिंब हललं नाही. मला याचा फार गर्व होता. होता म्हणते, कारण आता त्या गर्वाची लाज वाटते. ते कसं झालं तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचं छप्पर, दोन यंत्रं, कोपऱ्यात रंगाची खोली. मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांचा पहिल्यापासून एकच त्रास होता. ते पाट्या करायचे, त्यावर टिंबं चिकटवायचे, आणि सहा महिन्यांत पाटी टकली होऊन परत यायची. लोक उभ्या उभ्या नखाने टिंबं काढायचे. का, तर काही नाही, हात रिकामा होता म्हणून! माझी एक थोरली बहीण अशीच परत आली होती. तिच्यावर ‘बाहेर’ लिहिलेलं होतं म्हणे, टिंबं उरली होती तीन. उस्तादांनी तिला टेबलासमोर टांगून ठेवली होती. चिडले की तिच्याकडे बघायचे आणि अजून चिडायचे.

मग त्यांना युक्ती सुचली. टिंब चिकटवायचंच नाही. पत्र्याला बारीक भोक पाडायचं आणि त्यात मोहरीएवढा पोलादी छर्रा दाबून बसवायचा. अर्धा आत, अर्धा बाहेर. नखाने काय, पक्कडीनेही निघायचा नाही. वरून लॅकर, म्हणजे आरपार दिसणारा कडक रंग, असं मारायचं की त्यावर मार्करची शाई धरणार नाही, स्पिरिटच्या फडक्याने एका हातात साफ.

पहिली पाटी तयार झाली ती मीच. उस्तादांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं.

“या रे, हाणा हिला! किल्ली घ्या, करवत घ्या, काय पाहिजे ते घ्या. घरचा राग असेल तर तोही काढा.”

“सासूचा चालेल का?” यंत्रावरची एक बाई म्हणाली.

“सासूचा तर आधी!”

त्या दिवशी जो मार खाल्ला ना मी! किल्ल्या झाल्या, मार्कर झाला, एकाने तर बूट काढला. पण छर्रे जागच्या जागी. मार्कर पुसला. उस्ताद एवढे खूश झाले की रंगाच्या खोलीकडे ओरडले, “अजून एक हात मार लॅकरचा! तिसरा! मग कोणाच्या बापाला काही करता यायचं नाही हिला.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “आणि कोणाच्या बापाला वाचताही यायचं नाही.”

ती बोटंताई. पाट्या तपासायचं काम तिचं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण उजव्या हाताचं पहिलं बोट असं की दिवसाला चाळीस पाट्या हाताखालून जायच्या आणि एक टिंब जरी केसभर सरकलेलं असलं तरी बोट थांबायचं. म्हणून सगळे तिला बोटंताई म्हणायचे. ती खुर्ची ओढून बसली, मला पुढ्यात घेतलं आणि बोट फिरवलं. मित्रांनो, मला पहिल्यांदा कोणीतरी वाचलं ते तेव्हा. मार खाणं वेगळं आणि वाचलं जाणं वेगळं, एवढं मला त्या एका बोटाने शिकवलं.

“दोन हात ठीक आहेत,” ती म्हणाली. “तिसरा मारलात तर टिंबांमधल्या खाचा बुजतील. सगळं गुळगुळीत होईल. थंडीत बोटं बधिर असतात उस्ताद, तेव्हाही कळायला हवं.”

“अगं, पण टिकायला नको का?”

“टिकून काय करायचं मग? लोणचं घालायचं?”

सगळे हसले. उस्ताद दोन मिनिटं फुगून बसले आणि मग म्हणाले, “बरं बाई, दोनच हात.” जाताना तिने मला एक टिचकी मारली. “बोट अडखळलं पाहिजे,” ती म्हणाली. “अडखळलं की पाटी जिवंत.” हे वाक्य ती प्रत्येक पाटीला म्हणायची. मला वाटायचं, फक्त मलाच म्हटलंय.

माझ्यासारख्या तीस पाट्या या दवाखान्यात आल्या. बरोबर एक कागद आला. त्यात लिहिलं होतं, रोज फडक्याने पुसा. शाई लागली तर स्पिरिट लावा. पाटी दारावर लावू नका, कडीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, कारण माणूस दारासमोर वाचत उभा असला आणि आतून कोणी दार ढकललं तर कपाळमोक्ष व्हायचा. सगळं लिहिलं होतं. एक गोष्ट सोडून. ती गोष्ट लिहावी लागेल असं उस्तादांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आम्हाला बसवलं ते किल्लीकाकांनी. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की काका यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. माणूस तोंडाचा फटकळ, पण पाटी बसवली तर दोरी धरून, पातळी बघून. माझ्या उजवीकडे माझी शेजारीण, तिच्यावर ‘पिण्याचं पाणी’. दोघींची दारं अगदी सारखी, राखाडी रंगाची, एकाच मापाची. फरक करायला आम्ही दोघीच. समोर बायकांचा वॉर्ड.

पहिली दोन वर्षं बरी गेली. महिन्यातून तीन-चार हात यायचे. एक उंच माणूस काठी टेकवत आला, मला वाचलं, आणि “हं, इथे कोणीतरी विचार केलाय” असं स्वतःशीच म्हणून जिना उतरून गेला. मी आठवडाभर त्याच एका वाक्यावर जगले.

मग सुरू झालं. वॉर्डाबाहेर बसून बसून लोक कंटाळतात, ते मला कळतं. पण कंटाळा माझ्यावर का काढायचा? कोणी मला मिशा काढल्या. कोणी बदामात दोन अक्षरं कोरायला गेलं, कोरता आली नाहीत तर शिवी लिहिली. आणि तुम्हाला वाटेल ही सगळी पोरंच. पोरं होतीच. पण इस्त्रीच्या शर्टातला, हातात फायली असलेला एक गृहस्थ आला, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या ‘ख’वर सिगरेट विझवली. डाग अजून आहे. दुसऱ्या दिवशी बोलणी कोणाला बसली? बाकावर गप्प बसलेल्या पोरांना! डोक्यात तिडीक जाते अजून.

सगळ्यात वाईट च्युइंगम. छर्रे निघत नाहीत म्हटल्यावर लोक त्यांच्या मधल्या खाचांत च्युइंगम दाबायचे. त्याला लॅकर काय करणार आणि पोलाद काय करणार. काका बर्फाचा खडा घेऊन यायचे, ते कडक करायचे आणि दात कोरायच्या काडीने एकेक खाच मोकळी करायचे. तोंडाने चालूच, “हात सडतील मेल्यांचे! घरी आईबाप आहेत की नाही? आणि तू गं, तूही अशी कशी समोर येतेस सगळ्यांच्या!” मी कशी समोर येते? मला भिंतीला बसवलं कोणी? पण काकांचा हात हलका होता. त्या हातावर मी रागावू शकत नव्हते.

मग एके दिवशी कोणीतरी रंगाचा फवारा आणला आणि आम्हा दोघींना काळं केलं. दोन दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येणार होते. काका आमच्यासमोर घामाघूम होऊन स्पिरिट घासत होते. आम्ही स्वच्छ झालो, लॅकरने आपलं काम केलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण काका वैतागले होते. खाली अडगळीत सूचनाफलकाचं जुनं कपाट पडलेलं होतं, त्याची प्लास्टिकची काच त्यांनी काढली. करवतीने दोन तुकडे कापले, कडा कानशीने घासून मऊ केल्या की कोणाला लागू नये. आणि आमच्या दोघींवर एकेक काच बसवली, चारही कोपऱ्यांत स्क्रू, एकदम घट्ट.

“आता या म्हणावं!” काका कमरेवर हात ठेवून म्हणाले. “आता कुठे हात लावताय बघतो!”

मित्रांनो, मी काय केलं सांगू? मी हरखले. हुरळली मेंढी, दुसरं काय. साहेब आले, थबकले. “वा! पाट्या कशा नव्या कोऱ्या! बाकीच्या मजल्यांवरही असंच करा.” कोणीतरी फोटो काढला. काकांची मान अशी ताठ झाली की किल्ल्याही वाजेनात. आणि मी काचेआडून सगळ्यांकडे बघत होते. धूळ नाही, च्युइंगम नाही, सिगरेट नाही. बऱ्याच दिवसांनी जीव भांड्यात पडला होता. तिसऱ्या हाताला ‘नको’ म्हणणारी बोटंताई मला आठवलीही नाही.

हात येतच होते. हे मला नीट सांगायला हवं, लपवून उपयोग नाही. पहिल्या महिन्यात एक बाई आली. तिचा तळवा भिंतीवरून सरकत आला, काचेवर आला आणि सरकत पुढे गेला. ती परत आली. नखाने काचेवर टकटक केलं. मग कोणाची तरी चाहूल घेऊन विचारलं, “अहो, पाणी कुठलं दार?” त्यांनी सांगितलं आणि विषय संपला. असे आणखी आले. सगळ्यांनी कोणाला ना कोणाला विचारलं, कारण त्यांना आयुष्यभर विचारायची सवय. तक्रार एकानेही केली नाही. आणि ज्यांना दिसतं त्यांना मी अगदी स्वच्छ दिसत होते, मग त्यांना तरी काय कळणार?

मला मात्र कळत होतं. पाटीला बोलता येत नाही, हे खरं. पण मनात तरी वाटायला हवं होतं की ही काच फुटावी. तसं मला एकदाही वाटलं नाही. वर्षभर वाटलं नाही. मला वाटायचं, राहू दे, छान आहे.

मग बोटंताई आली.

तिच्या आईला समोरच्या वॉर्डात ठेवलं होतं, दाराजवळच्याच खाटेवर. दार सताड उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. एवढी खूश झाले! म्हटलं, माझं माणूस आलं, आता ती येईल, बोट फिरवेल, बघेल की बावीसच्या बावीस जागेवर आहेत.

तिसऱ्या दिवशी आईला तहान लागली. पाण्याचा जग रिकामा होता.

“कोणाला तरी हाक मार गं,” आई म्हणाली.

“कशाला? समोर दहा पावलांवर तर आहे.”

“काठी तरी घे.”

“एका हातात जग, एका हाताने पाटी वाचायची, काठी काय दातांत धरू? आई, इथल्या पाट्या माझ्या हाताखालून गेल्यात. तीसच्या तीस. तू पड निवांत.”

ती आली. बरोबर दाराच्या कडीच्या बाजूला, बरोबर छातीच्या उंचीवर तिने हात ठेवला. पाटी कुठे असते ते तिला माहीतच होतं. हाताला गुळगुळीत लागलं. तिने वर चाचपलं, खाली चाचपलं. शेजारणीकडे गेली, तिथेही तेच. परत माझ्याकडे आली. कपाळाला आठी पडली होती. “काढल्या की काय?” ती पुटपुटली. “जाहिरातीची काच लावलीय वाटतं.”

मी तिच्या बोटापासून अर्धं बोटभर लांब होते, मित्रांनो. काखेत कळसा म्हणतात ना, तसं. बावीसच्या बावीस छर्रे चकचकीत, एकही हललेला नाही, आणि तिच्या दृष्टीने मी नव्हतेच.

ती थांबून कान देऊन ऐकू लागली. आणि इथे नशीब आडवं आलं. पाण्याच्या खोलीतले नळ सगळे नीट बंद होते. गळत होता तो जिन्यातला पाइप, गेले पंधरा दिवस. काकांनी दोनदा सांगूनही कोणी आलं नव्हतं. टप, टप, टप. माझ्या दारामागून. ती हसली. “हां, इथे आहेस होय,” म्हणाली आणि खांद्याने माझं दार ढकललं.

दारानंतर एकच पाऊल आणि मग पायरी.

आवाज पुरता आठवत नाही. जगाचा आठवतो, तो पायरीपायरीवर आपटत गेला. नंतर आईची हाक आठवते.

काका किल्ल्या खणखणत धावत आले आणि माझं दार सताड उघडलं, तेव्हा मला आतलं दिसलं. ती सहा पायऱ्यांखाली बसली होती, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून. बोटांतून रक्त येत होतं. जग तिच्या अंगाखाली येऊन चेपला होता आणि त्याची कड पहिल्या बोटाच्या टोकात गेली होती.

रडली नाही ती. पहिलं वाक्य बोलली ते हे, “इथली पाटी कुठे गेली?”

“पाटी?” काका गोंधळले. “ताई, पाटी आहे की. ही काय! एवढी जपलीय मी तिला. काचेत ठेवलीय, म्हणून तर कोणी हात लावत नाही.”

ती त्यांच्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, “काका, मग मी काय करायचं? वास घेऊ का तिचा?”

मी काकांचं तोंड बघत होते. पहिल्यांदा त्यांना समजलंच नाही. मग समजलं. ज्याने काडीने माझी एकेक खाच मोकळी केली होती, त्या माणसाला वर्षभर एकदाही सुचलं नव्हतं की मला वाचतात कशाने. मला तर माहीत होतं. मग त्यांना काय बोलायचं?

नर्स आल्या, तिला घेऊन गेल्या. काका स्क्रू काढायला लागले, पण एक काही केल्या निघेचना. शेवटी त्यांनी काचेच्या कडेत बोटं घातली आणि ओढली. काच मधोमध तडकली. तिचा अर्धा तुकडा हातात तसाच धरून ते शेजारणीकडे वळले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या मजल्यांवरच्या काचा काढल्या. कोणाला विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी उस्ताद स्वतः आले. मला वाटलं, आता काकांची खरडपट्टी होणार. पण ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चूक माझीपण आहे. कागदात सगळं लिहिलं, ‘झाकू नका’ एवढं लिहिलं नाही. म्हटलं, हे काय सांगायचं असतं?”

“ताईंचं बोट?” काकांनी विचारलं.

“जखम भरली. पण टोकाला काही कळत नाही आता. शीर तुटलीय म्हणे. डाव्या हाताने बसते वाचायला. चाळीसच्या जागी अकरा होतात. आम्ही कोणी काही बोलत नाही, पण तिला ऐकू येतं ना, आम्ही बोलत नाही ते.”

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छच असलेली मला पुन्हा पुसायला लागले. आणि मी? माझा प्रत्येक छर्रा शाबूत होता. उस्तादांनी पोलाद टिकेल असं केलं, काकांनी त्यावर काच लावून अजून टिकवलं, आणि गेलं ते नेमकं ते बोट, ज्याच्यासाठी हे सगळं केलं होतं. मार खाऊन गेले असते तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. मग निदान पाटी गेलीय हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

चार-पाच महिन्यांनी बोटंताई पुन्हा आली. आईला तपासणीला आणलं होतं. काकांनी तिला लांबूनच बघितलं आणि चटकन खांबाच्या आड गेले. किल्ल्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून.

“काका, दडू नका,” ती म्हणाली. “किल्ल्या धरल्यात, पण श्वास कुठे धरलाय?”

काका कानकोंडे होऊन पुढे आले. ती माझ्यासमोर उभी राहिली. सवयीने उजवा हात उचलला, मध्येच थांबवला, खाली घेतला आणि डावा पुढे केला. मधलं बोट माझ्यावर ठेवलं. हळूहळू, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जुळवत तिने मला वाचलं. ‘जिना’ला आधी अर्धा सेकंद लागायचा, आता किती वेळ लागला सांगत नाही. ‘ख’वर सिगरेटचा डाग लागला, तिथे थांबली. “इथे भाजलंय वाटतं.” मग पुढे सरकली. “असू दे. वाचता येतंय.”

शेवटच्या टिंबावर बोट ठेवून ती म्हणाली, “अडखळतं अजून.” माझ्यासाठी म्हणाली की स्वतःच्या बोटासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून काकांनी एक सवय लावून घेतलीय. रोज सकाळी स्पिरिटच्या फडक्याने पुसून झालं की डोळे मिटतात आणि माझ्यावरून बोट फिरवतात. ‘जिना’ येतो त्यांना आता. ‘खाली’ अजून चुकतो. मिशा परत आल्यात, ओरखडे परत आलेत, मागच्या आठवड्यात च्युइंगमही आलं. काका शिव्या घालतात आणि काडी शोधतात.

मित्रांनो, पाट्यांवर खरडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगून झालं असेल. तुम्ही ऐकलं असेल किंवा नसेल. मी तेवढ्यासाठी बोलले नाही. मला एवढंच म्हणायचंय की माझ्यासारखी पाटी कुठे दिसली तर नुसतं बघून पुढे जाऊ नका. ती चकचकीत दिसली तर अजिबात जाऊ नका. डोळे मिटा आणि एकदा तिच्यावरून बोट फिरवा. तुम्हाला वाचता येणार नाही, पण बोट अडखळलं की समजा, तिचं बरं चाललंय. आणि नाही अडखळलं, तर जवळपास कोण असेल त्याला हाक मारा. मला मारता आली नाही.